अंगावर काटा येण्याआधी

१२ मार्च १९११ची रात्र आहे, गाव मुंबई, आणि तुम्हाला पिटातली जागा मिळाली आहे. दाटीवाटीनं बसलेल्या मंडळींत तुमचं धोतर जरा नवखं दिसतंय, पण कुणाचं तिकडे लक्ष नाही. पडद्यामागून उदबत्तीचा वास येतोय आणि आजूबाजूला चर्चा एकच चाललीय: खाडिलकरांना संगीत नाटक जमेल का? गेल्याच वर्षी सरकारनं त्यांच्या ‘कीचकवधा’वर बंदी घातली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर म्हणजे टिळकांच्या ‘केसरी’तला माणूस, जहाल गद्याचा. त्यांनी आता पदांचं नाटक लिहिलंय, नाव ‘मानापमान’, आणि किर्लोस्कर नाटक मंडळी ते आज पहिल्यांदा रंगमंचावर आणतेय.

तुमच्या डावीकडे काळी टोपी घातलेला एक कारकून बसलाय. तोंडात पानाचा तोबरा. त्यानं अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ इतक्यांदा पाहिलंय की पदांसकट पाठ आहे, असं तो मघाशीच तुम्हाला ऐकवून झाला.

तिसरी घंटा होते. गलका एकदम बसतो. अजून एकही सूर लागलेला नाही आणि तुमच्या छातीचे ठोके बदललेत, याची नोंद करून ठेवा. पुढे कामाला येईल.

नांदी होते, प्रवेश सरकतात, आणि नायिका भामिनी येते. बावीस वर्षांचे नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. पेटीवर पदाच्या चालीचा पहिला तुकडा वाजतो, चार-पाच सूर फक्त, आणि तुमच्या दोन्ही हातांवर सर्रकन काटा उभा राहतो. मानेमागून काहीतरी थंड खाली उतरतं.

कारकून पान चघळतोय.

त्याचा चेहरा नीट बघा. कान देऊन ऐकतोय, नापसंती नाही, पण हात अगदी कोरडे. तुमचे का नाहीत? कारण ही चाल तुम्ही आजीच्या रेडिओवर ऐकलीय, गणपतीतल्या नाट्यगीत स्पर्धेत कुणीतरी बेसूर गायलेली ऐकलीय, शेजारच्या आजोबांनी दाढी करताना गुणगुणलेली ऐकलीय. रंगमंचावरची मंडळी आणि चाली बांधणारे गोविंदराव टेंबे सोडले, तर पुढचा सूर कुठे पडणार हे या अख्ख्या थिएटरात एकट्या तुम्हाला ठाऊक आहे. तो सूर यायच्या आत तुमचं अंग त्याची वाट पाहायला लागलं.

काटा म्हणजे काय, तर प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीकसा स्नायू असतो, तो आखडतो आणि केस उभा राहतो. हा स्नायू तुमच्या हुकमात नाही. थंडीत किंवा भीतीत मज्जासंस्थेचा जो भाग आपोआप धावून येतो, त्याच्या हाती तो असतो. अंगभर दाट केस असलेल्या आपल्या पूर्वजांना त्याचा उपयोग होता. ऊब धरायला, शत्रूपुढे अंग फुगवायला. आपली लव आता कुणाला घाबरवत नाही, पण यंत्रणा शाबूत आहे. भामिनीच्या पदापाशी वाघ नाही की हिमवर्षाव नाही, तरी ती जागी झाली. संगीतानं माणूस हलतो तो असा, अक्षरशः कातडीपासून.

कारकुनाकडे परत या, त्याच्या बाबतीत काहीतरी घडायला लागलंय. टेंब्यांचं वय तिशीच्या आत, कोल्हापूरचे पेटीवाले, आणि त्यांनी या नाटकात पूरबेकडच्या ठुमरी, दादरा, कजरीच्या वळणाच्या चाली आणल्यात. साकी, दिंडी, लावणीवर पोसलेल्या कानाला हे नवं आहे. मुखडा पहिल्यांदा येतो तेव्हा कारकून नुसता ऐकून घेतो. दुसऱ्यांदा येतो तेव्हा पान चघळणं जरा मंदावतं. मग बालगंधर्व मुखडा सोडून दूर जातात, एक नाजूक हरकत घेतात, दुसरी घेतात, सूर लांबवतात, आणि कारकुनाची मान पुढे झुकते. आता त्यालाही कुठेतरी परतायचंय. चौथ्यांदा मुखडा येऊन समेवर पडतो आणि त्याच्या तोंडून ‘वाहवा’ निघते, पानासकट. पाच मिनिटांपूर्वी ज्या जागेशी त्याची ओळखही नव्हती तिची ओढ त्याला लागली. पदानं आधी जागा दाखवली, मग ती हिरावली, मग परत दिली. याला मी तरी कावाच म्हणेन, आणि जगातलं बरंचसं गाणं याच काव्यावर चालतं.

एक गोष्ट प्रेक्षकांना ठाऊक नाही, तुम्हाला मात्र आहे. आजच नारायणरावांची मुलगी गेलीय. प्रयोग पुढे ढकलला नाही. तुम्ही त्यांच्या आवाजात ते दुःख शोधायला लागता. सापडत नाही. सापडून चालणारही नाही. रडू दाटतं तेव्हा शरीर जास्त हवा आत घ्यायला कंठ उघडा ठेवू पाहतं, आणि गिळताना तर तो मिटावा लागतो. त्या ओढाताणीत गळ्यात गोळा येतो. तो गोळा घेऊन भामिनीचं एकही पद पार पडलं नसतं. गोळा आलाय तो तुमच्या गळ्यात, कारण तुम्हाला बातमी ठाऊक आहे. गाणाऱ्याच्या मनातलं दुःख सुरांत बसून थेट आपल्यापर्यंत येतं, असं आपण सहज बोलून जातो. इथे पिटात बसून तसं म्हणणं अवघड आहे. कारकून हसतमुखानं डोलतोय आणि तुमचे डोळे भरलेत, आणि कानावर पडलेलं पद एकच.

आता नव्वद वर्षं पुढे चला. कॅनडातलं माँट्रियल, मॅकगिल विद्यापीठाची मेंदूविज्ञान संस्था. तुम्ही पाठीवर आडवे आहात, डोकं एका गोल यंत्रात, शिरेत सुई. ॲन ब्लड आणि रॉबर्ट झटोर यांचा हा प्रयोग २००१ साली छापून आला. दहा माणसं, सगळी गाण्या-बजावण्याचं शिक्षण घेतलेली. प्रत्येकानं स्वतःच्या अंगावर हमखास शहारे आणणारी रचना सोबत आणायची. ती ऐकताना रक्त मेंदूच्या कुठल्या भागात जास्त धावतं, ठोके आणि श्वास कसे बदलतात, हे मोजायचं. भूक भागल्यावर किंवा नशेच्या पदार्थांनी मेंदूतले जे भाग चेततात, त्यांतलेच काही इथे चेतलेले दिसले. गाण्यानं पोट भरत नाही, वंश वाढत नाही, तरी मेंदू त्याला त्याच पंगतीत बसवतो.

मला या प्रयोगातली खरी गंमत वाटते ती तुलनेच्या पद्धतीत. शहारे न आणणारं संगीतही ऐकवायला हवं, नाहीतर ताडून कशाशी पाहणार? त्यांनी काय केलं, एकानं आणलेली रचना दुसऱ्याला ऐकवली. तुमचा जीव की प्राण असलेला तुकडा पलीकडच्या माणसाला नुसता ‘बरा आहे’ वाटतो आणि त्याचा यंत्रावरचा आलेख तसाच राहतो. कारकून आणि तुम्ही, पुन्हा एकदा.

त्याच संस्थेत दहा वर्षांनी, २०११ साली, व्हॅलोरी सलीमपूर आणि झटोर यांनी डोपामिन या रसायनाचा माग काढला. अंगावर शहारा येतो त्या क्षणी मेंदूच्या खोलातल्या एका भागात डोपामिन सुटतं, हे अपेक्षितच होतं. पण त्याच्या काही सेकंद आधी, आवडती जागा जवळ येतेय एवढंच ऐकणाऱ्याला कळलेलं असताना, शेजारच्या दुसऱ्या भागात ते सुटायला लागलेलं होतं. वाट पाहण्याचा मोबदला वेगळा आणि पोचण्याचा वेगळा. तिसऱ्या घंटेला तुमचे ठोके बदलले होते, ते आठवा.

सुई काढा. तुम्हाला पावसात जायचंय.

८ जुलै १९२१. ग्रँट रोडजवळचं बालीवाला थिएटर, बाहेर मुंबईचा धो धो जुलै, आत ओल्या कोटांचा आणि अत्तराचा मिसळलेला वास. टिळकांना जाऊन वर्ष व्हायला आलंय आणि टिळक स्वराज्य फंडासाठी आज एक अघटित जुळून आलंय. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श, एकमेकींच्या तोडीस तोड कंपन्या, मिळून ‘मानापमान’ करताहेत. भामिनी बालगंधर्व, नायक धैर्यधर केशवराव भोसले. तिकिटं चढ्या दरानं गेलीत. प्रेक्षकांत सरळ दोन तट आहेत आणि दोन्ही तटांना वाटतंय की आज आपलाच माणूस बाजी मारणार.

भामिनीचं पद सुरू व्हायच्या बेतात आहे. पेटीवर तेच चार-पाच सूर. या वेळी तुमच्या हातावर काटा येतो आणि तुम्ही शेजाऱ्याकडे पाहता, तर त्याच्याही. पुढच्या रांगेतला एक जण नकळत दंड चोळतोय. दहा वर्षांत या चाली घरोघर पोचल्यात. माजघरात, मुंजीत, पहाटे अंघोळीच्या पाण्याशी. १९११ साली जे वाट पाहणं तुमच्या एकट्याच्या वाट्याला आलं होतं ते आज थिएटरभर पसरलंय, आणि एकट्यानं पाहिलेल्या वाटेपेक्षा त्याची झिंग जास्त आहे.

आता कान तबल्याकडे द्या. बालगंधर्व मुखडा उचलतात तो किंचित उशिरा. ठेका पुढे गेलाय, शब्द मागे राहिलाय. लोक श्वास धरतात. आवर्तन संपत आलं तरी ते निवांत, जसं काही सम कुणा दुसऱ्याची आहे. शेवटच्या मात्रेला एक छोटासा झोक देऊन शब्द जागेवर ठेवतात आणि थिएटरातले शेकडो हात एकाच क्षणी मांडीवर पडतात. कुणी खूण केली नव्हती. ठेका ऐकताना माणूस अगदी स्थिर बसला असला तरी त्याच्या मेंदूतले हालचाल ठरवणारे भाग कामाला लागलेले असतात, हे आता यंत्रावर दिसतं. ऐकणं हे अर्धंअधिक आतल्या आत नाचणंच असतं. मांडीवरचा हात म्हणजे त्या नाचातला बाहेर सांडलेला थोडासा भाग.

मग आरोळी उठते: वन्स मोअर!

हे कोडं मात्र नीट उकलायला हवं. पुढे काय येणार हे ठाऊक नसल्यानं उत्सुकता वाटते, असं धरलं तर आत्ताच ऐकलेलं पद पुन्हा मागायचं कशाला? रहस्यकथेचं शेवटचं पान वाचून कुणी लगेच पहिल्या पानावर जात नाही. इथे तर दुसऱ्या खेपेला रंग चढतो आणि तिसऱ्या खेपेला लोक खुर्चीच्या टोकावर असतात. एक उत्तर असं दिलं जातं की मेंदूतला अंदाज बांधणारा भाग हुशार असला तरी भोळा आहे. बाकीच्या डोक्याला पद पाठ असलं तरी तो प्रत्येक खेपेला सूर सुरुवातीपासून मोजायला बसतो, आणि तार ताणली की दर वेळी तितकाच अस्वस्थ होतो. मला हे पटतं, पण पुरत नाही. बालगंधर्व दुसऱ्या खेपेला तेच पद तसंच म्हणत नाहीत. मघाशी जिथे उशीर केला तिथे या वेळी सरळ येतात, जिथे सरळ गेले होते तिथे थबकतात. तुम्ही ठरलेल्या जागी वाट पाहत उभे आणि ते मागच्या दारानं आत आलेले. ठाऊक असण्याच्या पायावर फसणूक जास्त रंगते. नवख्याला फसवता येत नाही, त्याला मुळात काही अपेक्षाच नसते.

शेजारचे गृहस्थ शास्त्रीबुवा निघाले. डोळे पुसत ते तुमच्याकडे वळतात. “अहो, भरतमुनींनी आठ सांगितलेत,” म्हणतात आणि बोटांवर मोजतात. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. “माझे चार झाले, तुमचे किती?” नाट्यशास्त्रात हे सात्त्विक भाव नटानं दाखवायचे म्हणून येतात, शास्त्रीबुवांनी ते बेधडक प्रेक्षकांत आणून बसवलेत. कीर्तनाला जाणाऱ्या कुणालाही यात वावगं वाटणार नाही. मला थक्क व्हायला होतं ते यादीच्या बारकाईनं. अंग ताठणं, घाम, काटा, आवाज फुटणं, थरथर, चेहऱ्याचा रंग जाणं, डोळे भरणं, भान हरपणं. माँट्रियलच्या यंत्रावर ठोके आणि श्वास मोजणाऱ्यांनी यातली काही लक्षणं नव्यानं नोंदवली.

शास्त्रीबुवांच्या पलीकडे एक तरुण जांभया देतोय. मेहुण्यानं तिकीट काढलं म्हणून आला. त्याला अरसिक म्हणायची घाई करू नका. गाणं व्यवस्थित कळतं, चाल ओळखू येते, पैसे जिंकले तर आनंदही होतो, पण संगीतानं मात्र आत काही हलत नाही, अशी निरोगी माणसं असतात. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ साली ते मोजमाप करून दाखवलं. बिचाऱ्याला उजाडेपर्यंत बसायचंय.

आता केशवराव. बालगंधर्वांचा सूर मऊ, लाडात येणारा. यांचा आवाज उंच, धारदार, तडफेचा. पेटी खाली घुमत असताना तो एकदम वर चढतो आणि केशवरावांचा तट उभाच राहतो. शहाऱ्यांचा अभ्यास करणारे याक पँकसेप यांनी १९९५ साली लिहून ठेवलंय की सगळ्या साथीतून एकच आवाज असा वर उसळतो तिथे अंगावर काटा येण्याची शक्यता फार. त्यांचा तर्क असा की आईपासून दुरावलेल्या पिल्लाच्या हाकेला ओ देणारी जी जुनी यंत्रणा आपल्यात आहे, तिला ही हाक वाटते. तर्कच आहे तो, पण केशवरावांच्या त्या उंच सुराखाली बसून नाकारायला जड जातो.

काटा तुमच्याही अंगावर आलाय, पण तुमच्या काट्याला आणखी एक कारण आहे. आज ८ जुलै. ४ ऑक्टोबरला केशवराव नसतील. वय एकतीस. थिएटरातल्या एकालाही याची कल्पना नाही, टाळ्या नुसत्या आनंदाच्या आहेत, आणि तुम्ही मात्र निरोप ऐकताय. ते निरोपाचं दुःख ना चालीत आहे, ना शब्दांत, ना केशवरावांच्या मनात. ते तुम्ही शंभर वर्षांपलीकडून खिशात घालून आणलंत. प्रत्येक ऐकणारा असं काहीतरी आणत असतो, फक्त बहुतेक वेळा त्याला पत्ता नसतो.

मग सगळं ऐकणाऱ्याच्याच पदरचं का? ही शंका मनात घेऊन आणखी एका ठिकाणी चला, तिथे ना अत्तर आहे, ना तट, ना टाळ्या.

१९३३, गदग. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातलं कानडी गाव. एका दुकानात तबकडी लागलीय. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, आवाज कर्ण्यातून येतोय, घासलेला, बारीक. तीनेक मिनिटांत तबकडी संपणार. गिऱ्हाइकं आपल्या कामात आहेत, कुणी सुटे मोजतंय, कुणी पिशवीचं तोंड बांधतंय. अकरा वर्षांचा एक मुलगा मात्र जागच्या जागी खिळलाय. शास्त्रीबुवांच्या यादीतला पहिला, स्तंभ.

मुलगा गावाला माहीत आहे. कुठून भजनाचा, मिरवणुकीतल्या बँडचा आवाज आला की हा मागोमाग निघतो, लांब कुठेतरी दमून झोपतो आणि कुणीतरी उचलून घरी आणतं. शेवटी वडिलांनी त्याच्या सदऱ्यावर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असं लिहून टाकलं, म्हणजे सापडणाऱ्याला पत्ता विचारायला नको. घरी आईची भजनं. म्हणजे हा कान कोरा नाही, वर्षानुवर्षं कुठल्या कुठल्या ढोलक्यांमागे चालून तो तयार झालेला आहे, फक्त कशासाठी ते आज या दुकानात ठरतंय. गिऱ्हाइकांच्या कानावरही तीच तबकडी पडतेय. माँट्रियलला असते तर त्यांचे आलेख सपाट निघाले असते.

तबकडी थांबते. मुलाला वन्स मोअर म्हणता येत नाही, दुकान त्याचं नाही. असं गायला शिकायचं, एवढं त्याच्या मनात पक्कं झालंय, आणि या दुकानातलं दुसरं कुणी ते ओळखणार नाही. घरातून तो पळून जाईल तेव्हा कारण वेगळंच सांगितलं जाईल: आईनं जेवताना पुन्हा तूप वाढलं नाही म्हणून भीमसेन रुसला. गोष्ट खरी आहे, ते स्वतःही पुढे हसत सांगत. पण तुपासाठी कुणी विजापूर, पुणे करत ग्वाल्हेर गाठत नाही.

तुम्ही त्याच्या मागोमाग गाडीत चढा. तिकीट त्याच्याकडे नाही आणि तुमच्याकडेही या सालात चालेल असं काही नाही. दोन स्टेशनांनंतर तपासनीस डब्यात शिरतो. मुलगा मान वर करतो, घसा साफ करतो आणि तबकडीवरून उचललेलं सुरू करतो. बाकावरच्या मंडळींची बोलणी तुटतात. तपासनिसाकडे बघू नका, त्याच्या मनगटाकडे बघा.